रांगेचा क्रम बदलणारा सर्जन

सप्टेंबर १७९२. फ्रान्समध्ये राज्यक्रांती ऐन भरात होती आणि क्रांतीची फौज ऱ्हाईन नदीकाठच्या श्पायर या जर्मन शहरावर चालून गेली होती. शहर पडले, फ्रेंचांचा विजय झाला. पण त्या विजयात जखमी झालेले सैनिक जिथे पडले तिथेच पडून राहिले. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. नियमच तसा होता. लष्करी नियमावलीप्रमाणे औषधोपचाराच्या गाड्या आणि सर्जन यांनी फौजेच्या एक लीग, म्हणजे साधारण चार किलोमीटर, मागे थांबायचे. लढाई संपली की जखमींना सोयीच्या एका जागी गोळा करायचे आणि मग या गाड्यांनी तिथे यायचे. मधल्या वाटेवर दारूगोळ्याच्या आणि रसदीच्या गाड्यांची ही गर्दी! त्यातून वाट काढत मदत पोचेपर्यंत २४ ते ३६ तास जात. तोवर बरेचसे जखमी प्राणाला मुकलेले असत.

त्या फौजेत डॉमिनिक ज्याँ लारे नावाचे २६ वर्षांचे एक सर्जन होते. असल्या लढाया पाहिलेले सर्जन त्या काळी युरोपात शेकड्यांनी असतील. जखम खोल असते, माणूस मरतो, युद्धात असे व्हायचेच, अशी सर्वांची समजूत. लारे यांनी मात्र ते तास मोजले. यातले कितीतरी जण जखमेने नव्हे, तर वाट पाहून मरतात, हे त्यांच्या लक्षात आले. जखमेवरचा उपाय त्या काळच्या वैद्यकाला फारसा माहीत नव्हता. वाट पाहण्यावरचा उपाय मात्र शोधता येण्यासारखा होता. पुढची २३ वर्षे, वॉटर्लूच्या लढाईपर्यंत, हा माणूस त्या उपायामागे लागला होता. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आज जी व्यवस्था दिसते, तिच्या मुळाशी त्यांची ती खटपट आहे.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ चा, फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज पर्वतातल्या बोदेआँ या खेड्यातला. वडील चांभारकाम करणारे. ते लवकर वारले आणि पोरक्या मुलाला त्याच्या काकांनी तुलूझ शहरात स्वतःकडे नेले. काका अलेक्सी लारे हे तिथल्या रुग्णालयातले नावाजलेले सर्जन. त्यांच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केल्यावर लारे पायी पॅरिसला गेले. मग नौदलात सर्जनची नोकरी मिळाली आणि जहाजातून थेट न्यूफाउंडलंडपर्यंतचा प्रवास घडला. पण समुद्र काही मानवला नाही. परत येऊन ते पॅरिसच्या ओतेल द्यू या जुन्या रुग्णालयात देसो या थोर शिक्षकाकडे शिकले. देसो विद्यार्थ्यांना पुस्तकापेक्षा रुग्णाच्या खाटेपाशी शिकवत. लारे यांच्या स्वभावाला ते मानवले असावे, कारण पुढे जे काही त्यांनी शोधले ते सगळे जखमीच्या शेजारी उभे राहून शोधले.

श्पायरनंतर त्यांच्या डोक्यात घोळत राहिली ती तोफखान्याची एक तुकडी. फ्रेंच फौजेत हलक्या तोफा घोड्यांना जुंपून पाहिजे तिथे भरधाव नेणारा नवा तोफखाना तयार झाला होता. तोफ जर लढाई चालू असताना इकडून तिकडे पळवता येते, तर जखमी का नाही? पहिली कल्पना साधी होती : घोड्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून त्यांत जखमींना बसवायचे. अनुभवाने ती चालेना. मग लारे यांनी गाडी तयार करवून घेतली. फौजेबरोबर धावणाऱ्या या व्यवस्थेला फ्रेंचमध्ये ‘उडती अँब्युलन्स’ असे नाव पडले. अँब्युलन्स या शब्दाचा अर्थ तेव्हा गाडी असा नव्हता. फौजेबरोबर हिंडणारे रुग्णालय असा होता. तो पुढे गाडीला चिकटला, त्याला लारे यांच्या गाड्याही कारण आहेत.

या गाडीची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. सपाट मुलखासाठी दोन चाकांची, दोन घोड्यांची. डोंगराळ भागासाठी चार चाकांची, चार घोड्यांची. दोन चाकांच्या गाडीत दोन जखमी आडवे झोपू शकत, चार चाकांच्या गाडीत चार. गाडीला स्प्रिंग होते. आतल्या बाजूंना काही उंचीपर्यंत गादीसारखे अस्तर लावलेले असे. हवेसाठी दोन्ही बाजूंना लहान खिडक्या. तळाची फळी पक्की ठोकलेली नव्हती. ती लहान चाकांवरून आतबाहेर सरकत असे. फळीवर घोड्याच्या केसांची गादी आणि उशी, वर चामड्याचे आवरण. फळीला लोखंडी कड्या होत्या. त्यांत सैनिकांचे कमरपट्टे ओवले की तीच फळी स्ट्रेचर होई, आणि पाऊस-चिखल असला तर जखमीला जमिनीवर न ठेवता तिच्यावरच मलमपट्टी करता येई.

आजची अँब्युलन्स डोळ्यांपुढे आणली तर यातले काय नवे, असे वाटेल. सरकते स्ट्रेचर सगळ्यांनीच पाहिलेले असते. पण मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला जमिनीवरून उचलून गाडीत, गाडीतून पुन्हा जमिनीवर आणि तिथून टेबलावर, असे तीनदा हलवणे म्हणजे त्याला तीनदा मारणे, हे लारे यांनी ओळखले होते. भूल देणारे औषध तेव्हा नव्हते. ईथरचा वापर सुरू व्हायला अजून अर्धे शतक होते. वेदना कमी करायची तर ती गाडीच्या स्प्रिंगमधून, गादीतून आणि उचलाउचल टाळूनच करावी लागणार होती. रुग्णाला होणारा त्रास हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार एखाद्या सुताराला सांगून गाडीत बसवून घेणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१७९७ मध्ये इटलीत लारे यांना ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी करायची संधी मिळाली. त्यांनी सुमारे ३४० माणसांचे एक पथक बांधले. त्याच्या तीन तुकड्या. प्रत्येक तुकडीत १२ हलक्या आणि चार जड गाड्या. सर्जन, त्यांचे मदतनीस, गाडीवान, घोड्यांची निगा राखणारे, सामान सांभाळणारे, प्रत्येकाचे काम ठरलेले. जखमींना उचलण्यासाठी लढणाऱ्या शिपायांना रांग सोडून यावे लागू नये, हाही त्यामागे हेतू होता. सेनापतींना ही बाजू पटकन पटली. एका जखमीला मागे न्यायला चार धडधाकट शिपाई निघून जात आणि परत येतच नसत, ही त्यांची जुनी डोकेदुखी होती. लारे यांना माणूस वाचवायचा होता, सेनापतींना रांग राखायची होती, आणि एकाच गाडीने दोन्ही कामे होत होती.

गाडी झाली, तास वाचले. मग प्रश्न आला वाचलेल्या तासांत करायचे काय. गोळ्याने हाड चिंधड्या झालेला हातपाय कापावा लागे, यावर दुमत नव्हते. तो कधी कापायचा, यावर मात्र मोठा वाद होता. जखमीचे शरीर आधी सावरू द्यावे, काही दिवस जाऊ द्यावेत, असे सांगणारे जाणकार होते. इंग्लंडच्या जॉन हंटर यांच्यासारखा मोठा सर्जनही त्याच मताचा. लारे यांचा अनुभव उलटा होता. पहिल्या २४ तासांत, जखम सडायला लागण्यापूर्वी आणि ताप चढण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर माणूस जगण्याची शक्यता कितीतरी वाढते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आणि लिहून ठेवले. जंतू म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हते. लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया यायला १८६७ उजाडायचे होते. कारण माहीत नसताना वेळेचे महत्त्व ओळखलेला हा माणूस होता. अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक, अशा अर्थाचा ‘गोल्डन अवर’ हा शब्द अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन अॅडम्स काउली यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळवला. त्या विचाराचे बीज इथे आहे.

पण लारे यांचे खरे धाडस शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसत नाही. ते टेबलाबाहेरच्या रांगेत दिसते.

एका मोठ्या लढाईनंतर शेकडो जखमी एकदम यायचे. सर्जन मोजके. आधी कोणाला घ्यायचे? जुन्या फौजांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते : सेनापती आधी, मग अधिकारी, शिपाई शेवटी. शत्रूचा शिपाई तर हिशेबातच नाही. लारे यांनी नियम केला की ज्याची जखम सर्वांत धोक्याची, तो पहिला. हुद्दा पाहायचा नाही, देश पाहायचा नाही. त्याहून कमी जखमींनी थांबायचे. ज्याला किरकोळ लागले आहे त्याने मागच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रुग्णालयाकडे चालू लागायचे. अधिकाऱ्यांनी तर खासच, कारण त्यांच्याकडे घोडे असतात. हा शेवटचा टोला त्यांनी हसत मारला असेल की चिडून, हे आता कळणे अवघड. पण नियमात तो आहे.

हा नियम आज इतका साधा वाटतो की त्याची किंमत लक्षात येत नाही. उपचाराचे पैसे, गाड्या, पदव्या आणि बढत्या ज्यांच्या हातात, त्याच अधिकाऱ्यांना रांगेत मागे उभे करणारा हा नियम होता. आणि तो चांभाराच्या मुलाने केलेला होता. ज्या क्रांतीने जन्मावरून मिळणारे हक्क मोडीत काढले तिच्या फौजेतच तो निघू शकला, हेही खरे. परंतु क्रांती विरली, सम्राट आला, सरदार-उमराव परत आले, तरी लारे यांच्या तंबूत रांगेचा क्रम तोच राहिला. आजही एखाद्या बड्या व्यक्तीला साधी मुरगळ घेऊन आणले जाते आणि छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याला बाकावर बसून राहावे लागते, तेव्हा दारावरच्या परिचारिकेची जी पंचाईत होते ती लारे यांना चांगली ठाऊक होती.

या निवडीला आज ‘ट्रायाज’ म्हणतात. निवडणे, वेगळे काढणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द. लोकर किंवा कॉफीच्या बिया प्रतवारीने लावण्यासाठी तो वापरात होता. जखमींच्या बाबतीत तो रुळला तो लारे यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. कल्पना मात्र आधीच पुढे गेली होती. १८४६ मध्ये ब्रिटिश नौदलाचे सर्जन जॉन विल्सन यांनी तिला एक कठोर वळण दिले : ज्यांना तातडीने उपचार हवेत आणि ज्यांना ते उपयोगी पडतील, अशांवर आधी लक्ष द्यावे. म्हणजे ज्यांची आशाच नाही त्यांना थांबवावे. सर्वांत गंभीर तो पहिला, असे लारे म्हणत. विल्सन यांनी गंभीर असूनही वाचण्याजोगा तो पहिला, असे म्हटले. मोठ्या दुर्घटनेत जखमींच्या हाताला काळी पट्टी बांधण्याची वेळ येते तेव्हा या दोन विचारांमधला हाच पेच उभा राहतो. पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्ह यांनी सेवास्तोपोलला जखमींची थेट पाच गटांत विभागणी केली.

नागरी रुग्णालयांत ही पद्धत आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात तयार झालेल्या मँचेस्टर पद्धतीत रुग्ण आल्याबरोबर त्याला पाचपैकी एक रंग मिळतो. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे १० मिनिटांत, पिवळा म्हणजे तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. रुग्ण कोण आहे हा प्रश्न त्यात कुठेही नाही. भारतात आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्य झाला तो २००९ मध्ये, आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची अँब्युलन्स सेवा सुरू झाली २०१४ मध्ये. गंमत अशी, की आपल्याकडे रुग्णालयाच्या या भागाला अजूनही सर्रास ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. हा शब्द मुळी लष्करी हिशेबातला आहे : लढाईत किती माणसे कामी आली, किती निकामी झाली, त्याची बेरीज. त्या बेरजेतला एकेक आकडा वेगळा काढून पाहणारा पहिला माणूस म्हणून लारे यांचे नाव घ्यावे लागते.

त्यांची आणखी एक नजर आजच्या व्यवस्थापकांना कामाची आहे. आपत्कालीन विभागात गर्दी का होते, याचे उत्तर बहुतेक जण दारात शोधतात : फार लोक येतात. प्रत्यक्षात पुष्कळदा अडचण मागच्या दाराला असते. तपासून झालेल्या रुग्णाला वरच्या वॉर्डात खाट मिळत नाही, तो तिथेच स्ट्रेचरवर राहतो आणि नव्या रुग्णाला जागा उरत नाही. लारे यांनी जखमी आणण्याइतकाच विचार त्यांना पुढे पाठवण्याचा केला होता. शस्त्रक्रियेची जागा लढाईच्या जवळ, चालू शकणाऱ्यांची वाट वेगळी आणि बाकीच्यांना मागच्या रुग्णालयांकडे नेणाऱ्या गाड्या वेगळ्या. जवळच्या ठिकाणी कोणी मुक्काम करायचा नाही, हे त्यामागचे सूत्र.

१७९८ मध्ये नेपोलियनबरोबर ते इजिप्तला गेले. वाळूत चाकांच्या गाड्या काय कामाच्या? लारे यांनी उंटांच्या दोन्ही बाजूंना लांबट पेट्या बांधवल्या आणि जखमी आडवे होऊन वाळवंट ओलांडू लागले. याच मोहिमेत त्यांना सीरियात जखमांमध्ये माश्यांच्या अळ्या झालेल्या दिसल्या. सैनिक घाबरून गेले होते. लारे यांनी नीट पाहिले तेव्हा त्यांना उमगले, की अळ्या सडलेला भाग तेवढा खातात आणि जखम लवकर भरते. आज निवडक जखमांसाठी निर्जंतुक अळ्या वापरल्या जातात, हे वाचून अंगावर काटा येणाऱ्यांनी हा धागा लक्षात ठेवावा.

१८०७ च्या फेब्रुवारीत एलाऊची लढाई झाली ती बर्फात. उघड्या धान्यकोठारात शस्त्रक्रिया चालू होत्या. रशियन फौज चाल करून येते आहे अशी हूल उठली आणि ज्यांना हलता येत होते ते जखमी पळू लागले. लारे जागचे हलले नाहीत. आपण जखमींना सोडून जाणार नाही हे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले आणि हातातले काम चालू ठेवले. पळापळ थांबली. त्याच दिवशी त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. कडाक्याच्या थंडीने बधिर झालेल्या अवयवावर शस्त्रक्रिया करताना जखमींना नेहमीपेक्षा वेदना कमी होत होत्या. आणि थंडीने गोठलेले पाय घेऊन जे सैनिक शेकोटीला बसले, त्यांचे पाय सडले. गोठलेला अवयव आगीजवळ नेऊ नका, ही सूचना तेव्हापासून लारे कटाक्षाने देत.

दोन वर्षांनी, मे १८०९ मध्ये, व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीत फ्रेंचांचे पूल वाहून गेले आणि हजारो जखमी लोबाऊ बेटावर अडकले. अन्न नाही, भांडी नाहीत. लारे यांनी घोडे मारायला लावले आणि चिलखती स्वारांच्या छातीवरची लोखंडी कवचे उलटी करून त्यांत मांसाचे कढण शिजवले. मीठ नव्हते, म्हणून बंदुकीची दारू चवीला टाकली. जखमीला गरम कढण मिळालेच पाहिजे, याबाबत ते हट्टी होते. रक्त गेलेल्या माणसाला ते औषधाइतकेच लागते, असे त्यांचे मत. त्याच बेटावर त्यांनी नेपोलियनचा जिवलग मार्शल लान याचा पाय कापला. लान काही दिवसांनी वारला. सगळेच वाचत नसत. त्याच वर्षी सम्राटाने लारे यांना बॅरन हा किताब दिला.

१८१३ ची एक हकिगत मात्र शस्त्रक्रियेची नाही, चौकशीची आहे, आणि लारे यांचा स्वभाव तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसतो. रशियातल्या सर्वनाशानंतर नेपोलियनने कोवळ्या पोरांची नवी फौज उभी केली होती. बाउट्झनच्या लढाईनंतर दोन हजारांहून अधिक शिपाई हाताला, बोटांना जखमा घेऊन आले. ही पोरे भित्री आहेत, लढाई टाळायला त्यांनी स्वतःच्याच हातावर गोळ्या झाडून घेतल्या, असा अधिकाऱ्यांचा निष्कर्ष. शिक्षा होती मृत्यूची. सम्राट संतापला होता आणि काही जणांना उदाहरण म्हणून गोळ्या घालायच्या बेतात होता. लारे यांनी सांगितले, की तपासल्याशिवाय बोलणार नाही. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक हात तपासला. प्रत्येक जखमीची जखम कशी, गोळी कोणत्या बाजूने शिरली, तो कुठे उभा होता. निघाले ते असे : तीन रांगांत उभे राहून गोळीबार करताना मागच्या रांगेतली नवशिकी पोरे पुढच्यांच्या हातांना जखमी करत होती, शिवाय शत्रू टेकडीवर होता, चढावर बंदूक उंच धरलेले हात आधी गोळीच्या वाटेत येत होते. एकही जण दोषी आढळला नाही. मार्शलांना हे रुचले नाही. लारे यांनी अहवाल सम्राटाच्या हातात ठेवला आणि काय वाट्याला येईल ते येईल, या तयारीने परतले. त्या रात्री आली ती शिक्षा नव्हती. हिऱ्यांनी मढवलेली सम्राटाची तसबीर, रोख बक्षीस आणि कायमचे वेतन आले. दोन हजार पोरे वाचली ती औषधाने नव्हे. कोणीतरी त्यांचे हात नीट पाहिले म्हणून.

इतके असूनही लारे यांची व्यवस्था सगळ्या फौजेला कधीच मिळाली नाही, हे सांगायला हवे. गाड्या, घोडे, पट्ट्या, पैसा यांवर हुकमत होती लष्करी पुरवठा खात्याची, सर्जनची नव्हे. मोहीम संपली की पथके मोडली जात आणि पुढच्या मोहिमेत सगळे पुन्हा पहिल्यापासून. लारे बराच काळ सम्राटाच्या खास रक्षकदलाचे सर्जन होते, त्यामुळे उत्तम गाड्या त्या दलाला मिळत. साध्या पलटणींचे हाल चालूच राहत. हुद्द्याला जागा नसलेली रांग अशा व्यवस्थेत उभी होती की जिथे पलटणीलाच हुद्दा होता. सप्टेंबर १८१२ मध्ये मॉस्कोच्या वाटेवर बोरोदिनोला तर सारेच अपुरे पडले. त्या एका दिवस-रात्रीत लारे यांनी सुमारे २०० अवयव कापले. त्यांचे हात आणि सहकाऱ्यांचे हात, एवढीच यंत्रणा उरली होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माघार घेणारी फौज बेरेझिना नदीपाशी पोचली. पुलावर चेंगराचेंगरी. शस्त्रक्रियेची हत्यारे आणण्यासाठी मागे फिरलेले लारे त्या गर्दीत सापडले. जिथे माणसे एकमेकांना तुडवून पाण्यात लोटत होती, तिथे हे लारे आहेत असे कळताच शिपायांनी त्यांना डोक्यांवरून, हातोहात, पलीकडे पोचवले. रांगेत शिपायाला न्याय देणाऱ्याला शिपायांनी त्या दिवशी रांगेच्या पुढे काढले.

वॉटर्लूला, १८ जून १८१५ रोजी, धुरातून जखमी उचलणाऱ्या लारे यांना पाहून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याने त्या बाजूला गोळीबार न करण्याची सूचना दिली आणि टोपी काढली, असे सांगतात. संध्याकाळी प्रशियाच्या स्वारांनी त्यांना पकडले आणि गोळी घालण्याची तयारी झाली. डोळ्यांवर पट्टी बांधायला आलेल्या सर्जनने त्यांना ओळखले. त्याने पूर्वी त्यांची व्याख्याने ऐकली होती. लारे यांना सेनापती ब्ल्यूखरपुढे नेण्यात आले. शत्रूच्या जखमींना रांगेत बरोबरीची जागा देणाऱ्या लारे यांनी आधीच्या एका मोहिमेत ज्यांच्यावर उपचार केले, त्यांत या ब्ल्यूखरचा मुलगाही होता. त्यांची सुटका झाली.

नेपोलियन गेल्यावर लारे यांच्यावर नव्या राजवटीची खप्पामर्जी झाली, पण शिकवणे आणि लिहिणे थांबले नाही. सेंट हेलेना बेटावर केलेल्या मृत्युपत्रात नेपोलियनने त्यांच्यासाठी १ लाख फ्रँक ठेवले आणि आपल्याला भेटलेला सर्वांत सदाचारी माणूस असा त्यांचा उल्लेख केला. आयुष्याच्या शेवटी, ७६ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते मुलगा इपोलीत याला घेऊन अल्जीरियातली लष्करी रुग्णालये तपासायला गेले. इपोलीतही सर्जनच होता. परतताना ते आजारी पडले आणि २५ जुलै १८४२ रोजी ल्याँ शहरात वारले. त्यांची चित्रकार पत्नी शार्लोत त्याच आठवड्यात पॅरिसजवळ निवर्तली होती. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत लारे यांना पुरण्यात आले. दीडशे वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यांचे अवशेष तिथून हलवून जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी बांधलेल्या ॲँव्हालीद या वास्तूत नेण्यात आले. नेपोलियनची कबरही तिथेच आहे.